नॅनोसळ्यांवर सोन्याचा लेप: सांगलीतल्या सहा महिन्यांच्या नोंदी

झिंक ऑक्साइडच्या नॅनोसळ्यांवर सोन्याचा पातळ लेप दिला तर फील्ड एमिशन (म्हणजे जोरदार विद्युत क्षेत्राने टोकांतून इलेक्ट्रॉन बाहेर ओढले जाणं) सुधारतं का, हे बघायचं काम जून ते डिसेंबर २०२४ मध्ये केलं. मी सांगलीतल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवते. एम.एस्सी.च्या दोन मुली, प्रयोगशाळेतले मामा आणि डिफ्यूजन पंपाचं (निर्वात करणाऱ्या पंपाचं) एक जुनं कोटिंग युनिट एवढ्यावर हे काम उभं राहिलं. अशाच एखाद्या लहान प्रयोगशाळेत हे करू पाहणाऱ्यांसाठी वहीतल्या नोंदी उतरवून देतेय. आकडे जसे पडले तसेच ठेवलेत, चुकलेलेसुद्धा. नमुन्यांची नावं सोपी ठेवली होती: ‘को’ म्हणजे कोरा, ‘सो’ म्हणजे सोनं दिलेला, आणि पुढे एक ‘ता’ येतो, त्याची गोष्ट त्याच्या जागी.

१२ जून

पहिली वाढ वाया गेली.

एन-टाइप सिलिकॉन वेफरचे अर्धा सेंटिमीटर बाजूचे चौकोनी तुकडे हिरकणीने कापले. बीजथरासाठी (ज्यावर सळ्या उगवतात तो थर) इथेनॉलमधलं ५ मिलिमोलर झिंक अॅसिटेट थेंबाथेंबाने तीनदा दिलं आणि हॉट प्लेटवर ३५० अंशांना २० मिनिटं ठेवलं. वाढीच्या द्रावणात झिंक नायट्रेट आणि हेक्सामीन, दोन्ही २५ मिलिमोलर. म्हणजे १०० मिली पाण्याला ०.७४ ग्रॅम आणि ०.३५ ग्रॅम. झाकणाची काचेची बाटली, ९० अंश, चार तास.

तुकडे बाटलीच्या तळाशी तोंड वर करून ठेवले होते. द्रावणात तयार झालेली पांढरी भुकटी त्यांच्यावर पावसासारखी बसली. धुतली, तरी निघेना. शिवाय ओव्हनचा काटा ९० दाखवत होता आणि आत ठेवलेला थर्मामीटर ८१. काट्यावर विश्वास ठेवून एक दिवस घालवला.

१७ जून

तुकडे टेफ्लॉन टेपने काचपट्टीला चिकटवले, पट्टी बाटलीत तिरकी उभी केली, तोंड खाली. थर्मामीटर आतच ठेवला. चार तासांनी काढून धुतले तर पृष्ठभागावर एकसारखी दुधट झाक, बोट फिरवलं तर पुसली जाईल अशी. बोट फिरवलं नाही. हा ‘को-१’.

२५ जून

नमुना धरायचा होल्डर करून घ्यायला कुपवाड एमआयडीसीत गेले. लेथवाल्या दादांनी चित्र बघितलं आणि म्हणाले, “ताई, पितळ घ्या. मऊ पडतंय, दुपारपर्यंत हातात देतो. स्टीलला उद्या यावं लागंल.” मला घाई होती, मी पितळ म्हटलं.

संध्याकाळी माझ्या मार्गदर्शक सरांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन: “पितळात जस्त असतं. व्हॅक्यूममध्ये तापवलंस की ते उडणार आणि चेंबरभर बसणार. तू जस्ताच्याच संयुगावर काम करतेस, मग नमुन्यावर काय आहे ते कसं सांगशील?” ६५० रुपये गेले. दुसऱ्या दिवशी ३०४ स्टीलचा होल्डर १,४०० ला, स्क्रूही ३०४ चेच. दादांनी स्क्रूसाठी आंधळी, म्हणजे आरपार नसलेली भोकं पाडली होती. आंधळ्या भोकात स्क्रूमागे हवा अडकते आणि पुढे तासन् तास झिरपत राहते, गळती नसतानाही गळतीसारखी दिसते. त्यामुळे प्रत्येक भोकाला मागून एक मिलिमीटरचं आरपार छिद्र पाडून घेतलं. हे सांगितलं तेव्हा दादांनी दुसरं काम थांबवून स्वतः पाडून दिलं, पैसे घेतले नाहीत.

४ जुलै

आज करंट दिसला आणि तो खोटा निघाला.

अॅनोड (नमुन्यासमोरची धन प्लेट) म्हणून आयटीओ काचेवर, म्हणजे वीज वाहणाऱ्या पारदर्शक लेपाच्या काचेवर, हिरवा फॉस्फर बसवलाय; इलेक्ट्रॉन आदळले की तो चमकतो. पॉवर सप्लाय ५ किलोव्होल्टचा, वाटेत १० मेगाओहमचा रोध. नमुन्याशिवाय, नुसत्या कोऱ्या सिलिकॉनवर व्होल्टेज वाढवत गेलो तरी इलेक्ट्रोमीटरवर (अतिसूक्ष्म करंट मोजणाऱ्या मीटरवर) काही दशांश मायक्रोअँपिअर. मुली हरखल्या. मी आलेख काढायला सांगितला: व्होल्टेज दुप्पट, करंट दुप्पट, सरळ रेघ. फील्ड एमिशन असं वागत नाही. ते आधी काहीच देत नाही आणि मग एकदम चढतं. हा ओहमचा नियम होता, म्हणजे करंट टेफ्लॉनच्या पृष्ठभागावरून वाहत होता. होल्डर जोडताना आम्ही हातमोजे घातले नव्हते, बोटांचा घाम टेफ्लॉनवर राहिला होता.

अॅसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग ओव्हनमध्ये दोन तास. आता पूर्ण ५ किलोव्होल्टला ३ नॅनोअँपिअर. नमुना लावण्याआधी ही कोऱ्या सिलिकॉनची चाचणी प्रत्येक वेळी करायचीच. पुढच्या सहा महिन्यांत तिने दोनदा वाचवलं.

१५ जुलै

व्हॅक्यूम मायनस सिक्समध्ये (म्हणजे १० चा उणे सहावा घात मिलिबार) नीट आत न्यायला लिक्विड नायट्रोजनचा ट्रॅप हवा, म्हणजे वाफा थंडीने अडवणारा सापळा. सांगलीत लिक्विड नायट्रोजन कुठे मिळणार, या विचारात पंधरा दिवस गेले. मामांनीच सोडवलं. त्यांच्या भावाकडे म्हशी आहेत. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या कॅनमध्ये ठेवतात त्यात तोच असतो. तिथून पाच लिटर ३०० रुपयांत मिळायला लागला. ट्रॅप भरला की २ गुणिले मायनस सिक्स मिलिबार, नाही भरला तर मायनस सिक्सच्या वरच्या टोकाला, ८ वर अडकतं. पावसाळ्यात चेंबर उघडलं की भिंतींवर ओल बसते. उन्हाळ्यात तीन तासांत होणारं पंपिंग आता सहा तास घेतंय.

को-१ लावला. खोलीतले दिवे मालवले, खिडकीला काळा कागद. ४ किलोव्होल्टच्या पुढे पडद्यावर हिरवं काहीतरी उमटलं. मामा खिडकीशी वाकून बघत होते. “मॅडम, कडंला उजेड हाय बघा. मधी कायच न्हाई.”

बरोबर होतं. चौकोनाच्या चार कडा उजळल्या होत्या, मध्ये अंधार. कापलेल्या सिलिकॉनची धार आणि तिच्याखालून डोकावणारी कार्बन टेप एमिशन देत होती, नॅनोसळ्या नव्हे. करंट छान येत होता. पडदा नसता आणि फक्त मीटर असता, तर हा आकडा मी आनंदाने सळ्यांच्या नावावर लिहिला असता.

दुरुस्ती: होल्डरमध्ये तुकड्याच्या मापाचा खळगा करून घेतला, तुकड्याची वरची पातळी आणि स्टीलची पातळी एक होईल असा. कार्बन टेप बंद, खालून सिल्व्हर पेस्ट, तीही ओव्हनमध्ये नीट सुकवून. कडा अंधारल्या, मध्ये बारीक हिरवे ठिपके दिसायला लागले.

२५ जुलै

चार दिवस संततधार. नदीचं पाणी वाढतंय, लोक आयर्विन पुलाकडे पातळी बघायला जाताहेत. कॉलेज अर्धा दिवस. दुपारी चारनंतर लाइट गेली. आम्ही तिघी स्टाफरूममध्ये होतो, मामा नायट्रोजन आणायला. डिफ्यूजन पंप गरम, त्याच्या मागचा रोटरी पंप बंद पडलेला, आणि त्याला हवा द्यायला कुणी नाही. मी धावत आले तोवर रोटरीचं तेल नळीतून वर चढलं होतं आणि डिफ्यूजन पंपाच्या गरम तेलात हवा शिरली होती. पंप उघडला तेव्हा आत काकवीसारखं काळं.

३० जुलै

पंप पूर्ण खोलून जेट घासले, अॅसिटोनने तीनदा धुतले, नवं तेल. ४,२०० रुपयांचं तेल आणि पाच दिवस गेले. लाइट गेली की आपोआप बंद होऊन रोटरीला हवा देणारा व्हॉल्व्ह ६,५०० ला बसवला. तो पहिल्या दिवशीच बसवायला हवा होता. पंप चालू असताना खोलीत एक माणूस असलाच पाहिजे, हा नियम दारावर चिकटवला.

८ ऑगस्ट

अंतर चुकीचं धरलं होतं.

फील्ड म्हणजे व्होल्टेज भागिले अंतर. अंतर मी होल्डरच्या स्क्रूच्या आट्यांवरून १ मिलिमीटर धरत आले. गॅरेजमधून फिलर गेज आणून घालून बघावं असं वाटलं, पण गेजचं पातं सळ्यांना लागलं की सळ्या संपल्या. शेवटी आठवलं की दोन कपाटं भरून ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप आपल्याच प्रयोगशाळेत आहेत. एफ.वाय.च्या मुलांना केशनळीचा व्यास मोजायला देतो ते. चेंबरच्या काचेतून रोखला, नमुन्याची कड आणि अॅनोडची कड, दोन वाचनं. लघुत्तम माप ०.०१ मिलिमीटर. अंतर १.२ निघालं.

म्हणजे को-१ चा टर्न-ऑन मी ४.६ व्होल्ट प्रति मायक्रोमीटर लिहिला होता, तो खरा ३.८. आम्ही टर्न-ऑन म्हणजे प्रति चौरस सेंटिमीटर १ मायक्रोअँपिअर येईल ते फील्ड धरतोय. आमच्या पाव चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यासाठी तो ०.२५ मायक्रोअँपिअर होतो. काही जण १० मायक्रोअँपिअरला धरतात. दुसऱ्याच्या आकड्याशी ताडताना हे आधी बघायचं.

आता प्रत्येक वेळी पंपिंग झाल्यावर अंतर मोजते, आधी नाही. व्हॅक्यूममध्ये वरची प्लेट किंचित खाली ओढली जाते.

२१ ऑगस्ट

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एसईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे फोटो, करून आणलं. को-१ च्या सळ्या एकमेकींना इतक्या खेटून की उसाचा फड. दिसायला सुंदर, एमिशनला वाईट. शेजारच्या सळया एकमेकींचं फील्ड अडवतात, टोकापर्यंत ते पोचतच नाही. दोन टोकांमधलं अंतर उंचीच्या साधारण दुप्पट असेल तर बरं, असं या विषयात मानतात. आमचं अंतर उंचीच्या दहाव्या भागाइतकंही नव्हतं.

बीजाचं द्रावण दहापट पातळ केलं. सळ्या विरळ आल्या, थोड्या जाडही, काही तिरक्या. हा को-४. टर्न-ऑन ३.४. लेपाला हात लावायच्या आधीच ३.८ वरून ३.४. लेपाच्या कामाला लागण्याआधी तळ नीट करून घेतला नाही, तर लेपाला नको ते श्रेय जातं. हे तेव्हा वहीत लिहिलं होतं, आणि तरी पुढे सप्टेंबरात मी तेच केलं.

३ सप्टेंबर

सोनं द्यायची सोपी वाट म्हणून क्लोरोऑरिक अॅसिड, सोन्याचं विरघळणारं संयुग, घेतलं. एक ग्रॅमची बाटली ९,८०० रुपये. स्पटरिंगसाठी (निर्वातात आयन आदळवून सोन्याचे अणू नमुन्यावर उडवायला) दुसऱ्या गावी जावं लागणार नाही, इथेच द्रावणात बुडवून कण बसवू, असा विचार.

एक मिलिमोलर द्रावणात को-५ बुडवला. दहा मिनिटांत त्याची दुधट झाक विरायला लागली. काठापासून आत सरकत गेली, आणि खाली सिलिकॉन आरशासारखं चकचकीत. मी चिमटा हातात धरून नुसती बघत उभी होते. पीएच कागद बुडवला: ३. झिंक ऑक्साइड आम्लातही विरघळतं आणि अल्कलीतही, हे मी दरवर्षी शिकवते. क्लोरोऑरिक अॅसिडच्या नावातच अॅसिड आहे.

सोडिअम हायड्रॉक्साइडने पीएच ७ च्या आसपास आणून पुन्हा केलं. सळ्या टिकल्या, पण सोनं ढेकळांनी बसलं, कुठे खूप, कुठे नाहीच. आठ दिवस घालवून हा मार्ग सोडला. ज्यांना द्रावणानेच करायचंय त्यांनी आधी पीएच बघावा, नमुना नंतर बुडवावा.

१९ सप्टेंबर

गणपती झाल्यावर दुसऱ्या एका संस्थेत जाऊन स्पटर कोटरवर सोनं दिलं. तिथे एसईएमचे नमुने तयार करायला तो वापरतात. एकाच बाटलीत वाढवलेल्या तुकड्यांवर ५, १० आणि २० नॅनोमीटर; नावं सो-५, सो-१०, सो-२०. ही जाडी क्वार्ट्झ मॉनिटरने दाखवलेली, म्हणजे सपाट जागेवरची. उभ्या सळईच्या टोकावर किती बसलं आणि अंगावर किती, हे त्यातून कळत नाही.

प्रत्येक वेळी शेजारी काचेची एक पट्टी ठेवली होती. ५ नॅनोमीटरची पट्टी उजेडात धरली तर निळसर दिसली. सोनं सलग थर न होता बेटांनी बसलंय, याची ती खूण. २० ची हिरवट, आणि वरून बघितलं तर चक्क सोनेरी. पट्टीला काही खर्च नाही, आणि कोटर नीट चाललाय का ते जागेवरच कळतं.

परत आल्यावर सोनं घट्ट बसावं म्हणून तिन्ही नमुने भट्टीत आर्गॉनमध्ये ३०० अंशांवर एक तास ठेवले.

३० सप्टेंबर

सगळं १ मिलिमीटरवर, व्हॅक्यूम मायनस सिक्समध्ये. आकडे टर्न-ऑनचे, व्होल्ट प्रति मायक्रोमीटरमध्ये.

को-४: ३.४
सो-५: २.४
सो-१०: २.७
सो-२०: ३.९

सो-२० कोऱ्यापेक्षाही वाईट. एसईएममध्ये कारण दिसलं: टोकांवर सोन्याच्या टोप्या चढून ती बोथट झाली होती. जिथे टोक अणकुचीदार हवं तिथेच लेप जास्त बसतो, कारण सोनं वरून येतं. लेप जाड केला की धार गेली.

पण सो-५ चा २.४! ३.४ वरून २.४. सरांना लगेच फोन केला. त्या संध्याकाळी आम्ही चौघांनी विश्रामबागेत भेळ खाल्ली.

२ ऑक्टोबर

सुट्टी होती, घरी बसून आलेख काढला. १९२८ मध्ये फॉलर आणि नॉर्डहाइम यांनी मांडलेल्या समीकरणाप्रमाणे करंट भागिले फील्डचा वर्ग, त्याचा लॉगॅरिदम, विरुद्ध एक भागिले फील्ड. सरळ रेघ यायला हवी, आली. वरच्या टोकाला मात्र वाकली. आधी काहीतरी मोठं सापडलं असं वाटलं. मग लक्षात आलं, २५ मायक्रोअँपिअरला १० मेगाओहमच्या रोधावरच २५० व्होल्ट पडतात आणि ते मी वजा केले नव्हते. वजा केल्यावर वाक बराचसा गेला.

उतार: को-४ चा उणे ४१.७, सो-५ चा उणे २९.५. झिंक ऑक्साइडचं वर्क फंक्शन (पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) ५.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट धरून को-४ चा फील्ड वाढीचा गुणक बीटा साधारण २,००० येतो. सोन्याचं ५.१ धरून सो-५ चा साधारण २,६७०.

इथे मी अडखळले. समीकरणात वर्क फंक्शन दीड घाताने येतं. ५.३ चं ५.१ झालं तर ती राशी १२.२ ची ११.५ होते, जेमतेम ६ टक्के फरक. टर्न-ऑन ३.४ चा ३.२ व्हावा, फार तर. आमचा २.४ झालाय. म्हणजे ‘सोन्यामुळे वर्क फंक्शन कमी झालं म्हणून एमिशन सुधारलं’ हे वाक्य आमच्या बाबतीत खरं नाही. लॅन्थॅनम हेक्साबोराइडचं वर्क फंक्शन २.७ च्या आसपास, त्याचा लेप दिला असता तर गोष्ट वेगळी होती. मग आमचा फरक कुठून आला? बेटांमुळे टोकावर आणखी बारीक टोकं झाली, असं लिहून ठेवलं. मन पूर्ण मानत नव्हतं.

९ ऑक्टोबर

प्रकल्पातली सगळ्यात महत्त्वाची नोंद ही.

अहवालाचा कच्चा मसुदा दोघींना वाचायला दिला होता. त्यातली एक फारशी बोलत नाही. ती वही उघडून माझ्या टेबलापाशी आली आणि १९ सप्टेंबरच्या पानावर बोट ठेवलं. “मॅडम, सो-५ भट्टीत गेला होता. को-४ गेला होता का?”

नव्हता गेला.

मी तिला काही उत्तर देऊ शकले नाही. ३०० अंशांवर तासभर ठेवलं की झिंक ऑक्साइडवरची ओल आणि चिकटलेले वायू निघतात, थोडा ऑक्सिजनही जातो, सळई जास्त वाहक होते. एमिशन त्यानेही सुधारतं. आमची तुलना ‘सोनं नाही’ विरुद्ध ‘सोनं’ अशी नव्हतीच. ती ‘सोनं नाही, भट्टी नाही’ विरुद्ध ‘सोनं अधिक भट्टी’ अशी होती. मी तो आकडा सरांना सांगून बसले होते. त्या रात्री नीट झोप लागली नाही, पण त्या मुलीने हे विचारलं याचं समाधान त्याहून मोठं होतं.

२२ ऑक्टोबर

पुन्हा सगळं नव्याने. एकाच बाटलीत नऊ तुकडे वाढवले. तीन कोरे. तीनांना फक्त ५ नॅनोमीटर सोनं आणि भट्टी. आणि तीन ‘ता’, तापवलेले: त्याच डब्यातून त्याच गाडीने कोटरपर्यंत नेले, कोटरच्या चेंबरमध्ये व्हॅक्यूममध्ये तेवढाच वेळ ठेवले, फक्त सोनं दिलं नाही. मग सोन्याच्या तुकड्यांशेजारी त्याच बोटीत (भट्टीत ठेवायच्या लांबट भांड्यात), त्याच भट्टीत. नऊही मोजले:

को: ३.२, ३.४, ३.६
ता: २.७, २.८, ३.०
सो-५: २.३, २.४, २.५

एकूण सुधारणा १.० व्होल्ट प्रति मायक्रोमीटर. त्यातली जवळपास ०.६ भट्टीची. सोन्याची उरली ०.४. आणि एकाच प्रकारच्या नमुन्यांमध्येच ०.२ ते ०.४ चा फरक पडतो, तेव्हा एकेक नमुना मोजून हे कधीच कळलं नसतं.

‘ता’च्या आलेखावरून बीटा २,४०० च्या पुढे येतो. बीटा हा टोकाच्या आकाराचा गुणक असं आपण शिकवतो. पण भट्टीने सळईचा आकार बदललेला एसईएममध्ये कुठे दिसत नाही. म्हणजे वर्क फंक्शन ठरावीक धरून काढलेल्या बीटामध्ये ओल, वाहकता, सिलिकॉनशी असलेला जोड असं सगळं जाऊन बसतं. नुसता बीटा वाढला म्हणून ‘टोकं अणकुचीदार झाली’ असं लिहिणं मी मसुद्यातून काढून टाकलं.

११ नोव्हेंबर

दिवाळीत कॉलेज बंद होतं. नमुने डेसिकेटरमध्ये (ओल लागू न देणाऱ्या बंद भांड्यात) ठेवायचे राहिले, तीन आठवडे उघड्या कपाटात. चुकून झालं, पण त्यातून एक गोष्ट कळली. परत मोजले तेव्हा ‘ता’चे दोन नमुने २.८ वरून ३.१ आणि २.७ वरून ३.२ ला परत चढले होते. सोन्याचे दोन २.४ चे २.५ आणि २.३ चे २.४. भट्टीने दिलेलं हवेने बरंचसं परत घेतलं, सोन्याच्या नमुन्यांवर तसं झालं नाही. नमुने दोन-दोनच आहेत, म्हणून याला निष्कर्ष म्हणत नाही. पण आता मला वाटतं, या लेपाची खरी किंमत टर्न-ऑन खाली आणण्यापेक्षा मिळालेलं टिकवण्यात असावी. पुढचं काम त्या दिशेने करायचंय.

२८ नोव्हेंबर

पुण्यात विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात मायनस एट मिलिबारमध्ये मोजायची संधी मिळाली. कोयना एक्स्प्रेसने गेलो. नमुने सिलिका जेल घातलेल्या डब्यात, डबा पूर्ण प्रवासभर मांडीवर.

तिथे चेंबर रात्रभर १५० अंशांवर बेक करतात. सकाळी मोजलं: को ३.०, ता २.७, सो-५ २.३. कोऱ्याचा आमच्याकडे ३.४ होता. चेंबरच्या बेकिंगनेच त्याला थोडं ‘ता’ करून टाकलं होतं. २२ ऑक्टोबरचे नऊ तुकडे मोजले नसते तर हा ३.० मला कोड्यात टाकून गेला असता.

स्थिरतेतही फरक मोठा. करंट १ मायक्रोअँपिअरवर धरून तीन तास बघितलं: सांगलीत सो-५ चा करंट १५ टक्क्यांपर्यंत वरखाली होतो, पुण्यात ५ टक्क्यांच्या आत राहिला. आमच्याकडे उरलेल्या वायूंचे आयन टोकांवर आदळतात, आणि पंपाच्या तेलाची वाफ नायट्रोजन ट्रॅप असूनही थोडी पोचतेच. टर्न-ऑनची आपसातली तुलना आमच्या युनिटवर करता येते. स्थिरतेचा दावा करायचा असेल तर आमचा व्हॅक्यूम पुरत नाही.

७ डिसेंबर

जास्तीत जास्त करंट किती मिळतो ते बघण्याच्या नादात सो-५ चा तिसरा नमुना ५ किलोव्होल्टपर्यंत नेला. पडद्यावर एक ठिपका बाकीच्यांपेक्षा मोठा होत गेला, आम्ही तिघीही त्याच्याकडेच बघत होतो, आणि थांबायच्या आत चट्ट असा आवाज. नमुन्यावर टाचणीच्या डोक्याएवढा काळा खड्डा. रोधामुळे इलेक्ट्रोमीटर वाचला. एक ठिपका एकटाच मोठा व्हायला लागला की व्होल्टेज तिथेच खाली आणायचं.

१८ डिसेंबर

हिशेब: होल्डर २,०५०. पंपाचं तेल आणि व्हॉल्व्ह १०,७००. क्लोरोऑरिक अॅसिड ९,८००. नायट्रोजन पाच वेळा, १,५००. आयटीओ काच आणि फॉस्फर ३,९००. एसईएम आणि प्रवास ७,४००. एकूण ३५,३५० रुपये. त्यातले पितळी होल्डर, तेल आणि अॅसिड मिळून १४,६५० माझ्या चुकांचे. कॉलेजकडून १५,००० मिळाले, बाकीचे सरांनी आणि मी घातले. वेळ: सत्तावीस आठवडे, त्यातले साधारण अकरा दुरुस्तीत आणि पुन्हा करण्यात.

अहवालात को-४ विरुद्ध सो-५ ची जुनी तुलना ठेवलीच नाही. नऊ तुकड्यांचा तक्ता पहिल्या पानावर आहे आणि भट्टीचा प्रश्न कुणी विचारला ते त्याखाली तिच्या परवानगीने लिहिलंय.

आज नवी बाटली ओव्हनमध्ये गेली. बारा तुकडे: चार कोरे, चार तापवायचे, चार सोन्याचे. यातले अर्धे डेसिकेटरमध्ये ठेवायचे, अर्धे उघड्यावर, आणि मार्चपर्यंत दर आठवड्याला मोजायचे. थर्मामीटर ९० वर आहे. मामा म्हणाले, चारनंतर लाइट जायची शक्यता आहे, म्हणून साडेतीनला बाटली काढायची.